कमाईचा आकडा छापताना हिशेबही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत यूट्यूबवरून 'महिन्याला लाखो' कमावणाऱ्या तरुणांवर अधूनमधून लेख येतात, त्यासंबंधी हे पत्र. मी कऱ्हाडला कर सल्लागार आहे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे व्हिडिओ करणाऱ्यांची विवरणपत्रे भरण्याचे काम वाढले आहे. पाककृती दाखवणाऱ्या गृहिणी, शेतीची माहिती देणारे, गावाकडच्या विनोदी वेबमालिका करणारे गट, असे बरेच जण त्यांत आहेत. आपल्या लेखांत एक मोठा आकडा असतो आणि तो 'व्ह्यूज'मुळे मिळाला असे वाचकाला वाटावे अशी सारी मांडणी असते. ती चुकीची आहे. तिचे परिणाम मला माझ्या टेबलावर दिसतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी जाहिरातींच्या पैशाबद्दल. चॅनेलला जाहिरातीतला वाटा मिळायचा तर किमान 1000 सबस्क्रायबर लागतात. शिवाय मागच्या 12 महिन्यांत लोकांनी मिळून 4000 तास व्हिडिओ पाहिलेले असावे लागतात, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, 1 कोटी व्ह्यूज मिळावे लागतात. एवढे झाले की मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचे 55 टक्के चॅनेलला आणि 45 टक्के यूट्यूबला जातात. शॉर्ट्सचा हिशेब 1 फेब्रुवारी 2023 पासून निराळा आहे. तिथे जाहिरातींचा पैसा आधी एकत्र जमा होतो, वापरलेल्या गाण्यांच्या हक्कांपोटी काही भाग बाजूला निघतो आणि चॅनेलच्या नावे जी रक्कम उरते तिचे 45 टक्के हातात येतात. त्यामुळे चाळीस सेकंदांचा एखादा शॉर्ट वीस लाख लोकांनी पाहिला तरी त्याची खरी रक्कम ऐकून घरच्यांचा विश्वास बसत नाही. गावात मात्र पोरगा लखपती झाल्याची चर्चा सुरू झालेली असते.

जाहिरातीचा दर सगळ्यांना सारखा नसतो. शेअर, विमा, मोबाइल या विषयांवर जाहिरातदार जास्त मोजतात, विनोदावर कमी. प्रेक्षक कुठे बसून पाहतो यालाही फार महत्त्व आहे. मराठी पाककृतींच्या चॅनेलला न्यू जर्सी किंवा लंडनहून पाहणारी मंडळी मिळाली की उत्पन्नाचा आलेख लगेच वर जातो, कारण तिकडच्या जाहिरातींचा दर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यात अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे मिळालेल्या भागावर 2021 पासून तिकडचा कर कापला जातो. भारतीय चॅनेलने पॅनसह या कराचा फॉर्म गूगलकडे भरला असेल तर भारत-अमेरिका कर करारानुसार 15 टक्के. फॉर्मच भरला नसेल तर जगभरातून मिळालेल्या कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. हे फॉर्म न भरलेली मुले माझ्याकडे येतात आणि पैसे कुठे गेले म्हणून विचारतात.

मे 2025 मध्ये मुंबईत माध्यम आणि मनोरंजन क्षेत्राचे 'वेव्हज' संमेलन भरले होते. तिथे यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितले की तीन वर्षांत भारतातील चॅनेलवाले, कलाकार आणि माध्यम कंपन्यांना मिळून 21 हजार कोटी रुपयांहून अधिक दिले. हा आकडा सगळीकडे ठळक छापून आला. त्याच भाषणात त्यांनी आणखी दोन आकडे दिले होते. आदल्या वर्षी भारतातून 10 कोटींहून अधिक चॅनेलवर व्हिडिओ टाकले गेले आणि 10 लाखांपेक्षा जास्त सबस्क्रायबर असलेली चॅनेल 15 हजारांवर आहेत. आता भागाकार करून पाहू. वर्षाला सात हजार कोटी धरले आणि दहा कोटी चॅनेलमध्ये सरसकट वाटले तर एका चॅनेलला वर्षाचे 700 रुपये येतात. अर्थात पैसा सरसकट वाटला जात नाही. त्यातला मोठा भाग संगीत कंपन्या, वृत्तवाहिन्या आणि मोजक्या बड्या चॅनेलकडे जातो, म्हणजे उरलेल्यांच्या वाट्याला 700 सुद्धा येत नाहीत. दहा लाख सबस्क्रायबरपर्यंत पोहोचणारे साधारण साडेसहा हजारांत एक. तीन आकडे एकत्र छापले असते तर वाचकाला पुरे चित्र दिसले असते.

मग अगदी वरच्या रांगेतले कमावतात तरी कसे? जगातले सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या मिस्टरबीस्टचे, म्हणजे जिमी डोनाल्डसनचे. जून 2024 मध्ये त्याने सबस्क्रायबरांच्या संख्येत आपल्या टी-सीरीजला मागे टाकले. त्याच्या व्हिडिओंवर इतका खर्च होतो की 2024 मध्ये त्याचा व्हिडिओ आणि मालिकांचा धंदा सुमारे 8 कोटी डॉलर तोट्यात होता. त्याच वर्षी 'फीस्टेबल्स' या त्याच्या चॉकलेटच्या कंपनीने सुमारे 25 कोटी डॉलरची विक्री करून 2 कोटींवर नफा मिळवला. हे आकडे ब्लूमबर्गने 2025 मध्ये प्रसिद्ध केले आहेत. जगातला पहिल्या क्रमांकाचा यूट्यूबर नफा कमावतो तो चॉकलेट विकून, आणि व्हिडिओ हा त्या चॉकलेटच्या जाहिरातीचा खर्च आहे.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रयागराजचे अलख पांडे यूट्यूबवर भौतिकशास्त्र शिकवायचे. 2020 मध्ये 'फिजिक्सवाला' ही कंपनी निघाली, 2022 मध्ये तिचे मूल्य 100 कोटी डॉलरच्या वर गेले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती शेअर बाजारात आली. हे सारे उभे राहिले ते नीट-जेईईच्या विद्यार्थ्यांच्या फीवर. फुकट व्हिडिओंनी विश्वास मिळवून दिला, पैसा ॲप आणि वर्गांमधून आला. मराठीत मधुरा बाचल यांच्या 'मधुराज रेसिपी'चे मसालेही बाजारात आहेत. मला त्यात काही वावगे वाटत नाही, उलट ती शहाणपणाची वाट आहे. फक्त अशा माणसावर लेख लिहिताना मसाल्याच्या विक्रीचा आकडा व्हिडिओच्या नावावर मांडू नये.

माझ्या एका अशिलाचा हिशेब नाव न सांगता मांडतो, त्यांची परवानगी घेतली आहे. बाई घरातूनच पाककृतींचे चॅनेल चालवतात. पासबुकात ॲडसेन्सची, म्हणजे गूगलकडून येणाऱ्या जाहिरातींच्या वाट्याची, जमा महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान दिसते. 100 डॉलर पुरे झाले नाहीत तर ती पुढच्या महिन्यावर जाते, म्हणून पहिल्या वर्षात बरेच महिने कोरे आहेत. आता जमा नियमित येते, पण घर त्यावर चालत नाही. घर चालते ते तेल, कुकर, पीठ बनवणाऱ्या कंपन्या एका व्हिडिओत नाव घेण्यासाठी जे देतात त्यावर. तेही सणासुदीला भरपूर आणि उन्हाळ्यात जवळजवळ नाही. त्या रकमेतून व्हिडिओ कापून जोडणाऱ्या मुलाचा पगार, दिवे, कॅमेरा आणि महिन्याचा किराणा वजा करायचा. एका वर्षी त्यांच्या 26एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराची नोंद असलेल्या पत्रकात, 194आर कलमाखाली टीडीएस दिसला आणि त्या घाबरून गेल्या. कंपनीने 'भेट' म्हणून पाठवलेल्या आणि त्यांनी ठेवून घेतलेल्या महागड्या ओव्हनवरचा तो 10 टक्के कर होता. एका कंपनीकडून वर्षाला 20 हजारांपेक्षा जास्त किमतीचा लाभ मिळाला की 1 जुलै 2022 पासून हा नियम लागू आहे. ओव्हन हे उत्पन्न असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आयकर विवरणपत्रात आता सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी 16021 हा वेगळा संकेतांकही आला आहे. सरकार याला धंदा समजते. वाचकानेही तो धंदा म्हणूनच पाहावा, इतके काम वृत्तपत्राने करायला हवे.

कंपन्यांच्या या पैशाची दुसरी बाजूही आपल्या लेखांत येत नाही. पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस केली असेल तर ते व्हिडिओतच स्पष्ट सांगावे लागते. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने 2021 मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. रमीच्या ॲपचे उदाहरण घ्या. कित्येक चॅनेलना सर्वांत जास्त पैसा त्याच्याकडूनच येत होता. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली गेली, आणि ते उत्पन्न एका आठवड्यात बंद झाले. ज्या पोरांच्या कमाईची वाहवा झाली होती, तिच्यातली किती कमाई जुगाराच्या जाहिरातीची होती हे कुणी विचारलेच नाही. त्या ॲपवर पैसे घालवणारी मुले याच गावांतली आहेत. मला याचा मनापासून राग येतो.

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी बाप मुलाला घेऊन माझ्याकडे आला होता. हातात घडी घातलेले वर्तमानपत्राचे पान. मुलगा बारावीनंतर घरी आहे, त्याला कॅमेरा, लॅपटॉप आणि पुण्यातला 'यूट्यूब शिका' कोर्स करायचा आहे, त्यासाठी सोसायटीच्या कर्जाखेरीज आणखी एक कर्ज हवे. 'पेपरात आलंय म्हणजे खोटं नसणार,' असे ते म्हणाले. त्यांना मी कोर्सचे पत्रक बारकाईने वाचायला लावले. शिकवणाऱ्याचे स्वतःचे चॅनेल 'यूट्यूबवर कसे कमवावे' याच विषयावर होते, म्हणजे त्याची कमाई या बापासारख्यांच्या फीमधूनच होणार होती. मुलगा हुशार आहे. त्याला द्राक्षबागेची चांगली माहिती आहे आणि तो बोलतोही छान. मी त्याला सांगितले की हातातल्या फोनवर वर्षभर कर, काही बिघडत नाही. कर्जाचा अर्ज त्यांनी मागे घेतला.

व्हिडिओ करणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. खेड्यातल्या मुलांना कोणाच्या ओळखीशिवाय लाखो लोकांपर्यंत पोहोचता आले, हे मोठे काम आहे. 29 जून 2020 ला टिकटॉक एका रात्रीत बंद झाले तेव्हा कितीतरी मुलांचा प्रेक्षक गेला आणि त्यांतल्या काहींनी शून्यातून पुन्हा उभारले, हेही मी पाहिले आहे. त्या मेहनतीबद्दल जरूर लिहा. पण चॅनेलच्या सबस्क्रायबरवरून अंदाजाने कमाई सांगणाऱ्या संकेतस्थळांचा आकडा मथळ्यात घेऊ नका. मुलाखत घेताना चॅनेलवाल्याला विचारा की जाहिरातीतून किती, कंपन्यांकडून किती, स्वतःच्या मालातून किंवा वर्गांतून किती, आणि खर्च जाऊन काय उरते. तो सांगायला तयार नसेल तर तसे छापा आणि रक्कम वगळा. किती वर्षे काहीच मिळत नव्हते, तोवर घर कोणी चालवले, हेही विचारा. बहुतेक वेळा उत्तर बायकोची नोकरी किंवा वडिलांची पेन्शन असे येते, आणि ते सांगण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

दहावी-बारावीच्या निकालांच्या सुमारास आपली करिअर पुरवणी निघते. त्यात या क्षेत्रावर एक पान द्यावे आणि एखाद्या चॅनेलचा वर्षाचा जमाखर्च, नाव गाळून का होईना, पूर्ण छापावा ही विनंती. तो तयार करायला माझी मदत लागल्यास मोबदल्याशिवाय करीन. निकालाच्या आठवड्यात पालक निर्णय घेऊन मोकळे होतात, म्हणून पुरवणी त्याआधी यावी.

आपला,
एक वाचक, कऱ्हाड
(पत्रात अशिलांच्या कामाचा उल्लेख असल्याने नाव प्रसिद्ध करू नये.)