खणाची पर्स

प्रिय वंदना,

सप्रेम नमस्कार.

ओटीत आलेल्या खणांच्या चेनवाल्या पर्सा करायच्या म्हणतेस, तर लगेच कात्री हातात घेऊ नकोस. खणाची पर्स मशीनवर कमी आणि कापताना जास्त बिघडते.

आधी प्रत्येक खणाचा उभा-आडवा एकेक धागा ओढून काडीने जाळून बघ. कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सूत. केस जळल्याचा वास म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, आणि त्यावर गरम इस्त्री टेकवलीस तर कापड चकाकतं, आखडतं. ओटीतले बरेचसे खण यंत्रमागाचे निघतील. कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावचा हातमागाचा खण सापडलाच तर पहिल्या प्रयोगाला तरी तो काढू नकोस! ओला पांढरा रुमाल घासून रंगही बघून घे. लाल आणि गडद हिरवा फार दगा देतात, फिकट अस्तर डागाळतं.

आता मुख्य गोष्ट. खणाच्या मागे नक्षीचे सुटे धागे असतात, त्यामुळे कापला की कडा भसाभस उसवतात. म्हणून कापायच्या आधीच संपूर्ण तुकड्याला मागून पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कापड, चिकटव. वर सुती फडकं ठेव, इस्त्री १० सेकंद दाबून धर, उचल आणि पुढे टेकव. घासत नेलीस तर नक्षी तिरकी होते, आणि एकदा चिकटल्यावर ती सरळ होत नाही.

मग बाहेरची दोन पानं काप, १० इंच रुंद आणि ७ इंच उंच. अस्तराची दोन तशीच. तळाशी घडी घालून एकच लांब पान घेण्याचा मोह होतो, पण नक्षीला वर-खाली असेल तर मागच्या बाजूला ती उलटी पडते. काठाचंही तसंच आहे. तो खणाच्या लांबीने धावतो, त्यामुळे चेनखाली आडवा हवा असेल तर वेगळा कापून जोडावा लागतो. तळाशी मात्र लावू नकोस, अर्धा पर्सच्या बुडाखाली जातो.

बाहेरच्या पानांच्या आतून लावायचा फोम चारही बाजूंनी अर्धा इंच कमी काप, म्हणजे शिलाईत येत नाही. नाहीतर कोपऱ्यावर इतके थर जमतात की सुई मोडते. सुई १४ नंबरची, फोमवरून जाताना १६ची, आणि टीप जरा लांब ठेव. टाचण्यांऐवजी चिमटे लाव. रेशमात टाचणीची भोकं राहतात.

चेन १२ इंच, म्हणजे पानापेक्षा दोन इंच जास्त घे. बाहेरचं पान आणि अस्तर यांच्या मध्ये ती ठेवून मशीनला चेन शिवायचा एकेरी फूट लावून पाव इंचावर शिव, मग दुसरी बाजू. चेन ओढून शिवलीस तर तयार पर्सचं तोंड लाटांसारखं होतं. दोन्हीकडून वरून टीप मारलीस की अस्तर रनरमध्ये अडकत नाही.

बाजू शिवायच्या आधी चेन अर्धी उघडी ठेव. हे हमखास विसरतं, आणि मग बंद चेनमधून पर्स उलटवता येत नाही. बाहेरची पानं समोरासमोर, अस्तराची समोरासमोर ठेवून अर्ध्या इंचावर शिव. अस्तराच्या तळाला ४ इंच मोकळे सोड. अस्तराची शिलाई दोऱ्याभर आत घे, म्हणजे ते पर्समध्ये लोंबत नाही.

कोपऱ्यासाठी बाजूची आणि तळाची शिलाई एकमेकींवर आण. त्रिकोण होईल. शिलाईच्या टोकापासून १ इंच आत रेघ मार, ती २ इंच लांब भरायला हवी. रेघेवर शिव, बाहेरचा त्रिकोण पाव इंच ठेवून काप. चारही कोपऱ्यांना हेच. मग मोकळ्या जागेतून उलटवून अस्तर हाताने शिवून टाक. पर्स वर ९ इंच, तळ ७ बाय २ इंच आणि उंची साधारण सव्वापाच इंच भरते.

मनगटाचा बंद हवा असेल तर ४ बाय १४ इंचाची पट्टी चौपदरी घडी करून शिव, आणि बाजू शिवतानाच चेनखाली आत अडकव. नंतर जोडलेला बंद ओढला की निघतो.

खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३० इंच भरला तर १४ इंच लांबीत तीन पर्सांची बाहेरची पानं निघतात. तुझ्या खणांचा पन्हा काठ सोडून मोज आणि कळव, म्हणजे फोम किती आणायचा ते सांगते.

तुझी,
माधुरी