लंब्या, तो खांब दिसला नाही का तुला?

प्रिय लंब्या,

तुझे सोळा फोटो आले, सोळाही बघितले. वहिनी आणि पोरगी मस्तच, पण भो, प्रत्येक फोटोत दोघी बरोब्बर मधोमध उभ्या, वर अर्धा फोटो नुसतं आभाळ, आणि एकात तर विजेचा खांब थेट वहिनींच्या डोक्यातून उगवलाय. राग मानू नको, मी पण दोन वर्षं असलेच काढले.

आणि ते मेगापिक्सेलचं सांगत बसतो ना तू सगळ्यांना, ते सोड आता. 48 मेगापिक्सेलचा फोन साध्या मोडमध्ये बहुतेक वेळा चार पिक्सेलचा एक करून 12चाच फोटो देतो. बोटांनी चिमटून झूम करतोस ते पण बंद कर, बऱ्याचदा तो नुसता कापून मोठा केलेला तुकडा असतो, म्हणून पोरीचा चेहरा असा पीठ लावल्यासारखा आलाय. चार पावलं पुढं जा ना, पाय कशाला दिलेत. आणि आधी लेन्स पूस, शर्टाच्या टोकानं पुसली तरी चालेल, खिशातल्या फोनवर तेलकट बोटं असतातच.

मला हे कधी कळलं सांगू? यंदा आखाजीला, अक्षय तृतीयेला. आजी सकाळी चुलीवर खापर पालथं घालून मांडे करत होती, तुला आठवतं ना, पुरण भरलेला गोळा हातावर घेऊन झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत मोठा करते ती. दार तिच्या पाठीमागं, बाहेर ऊन. मी आधी तिच्या चेहऱ्यावर टॅप केलं तर दार पांढरं फटक, मांडा दिसेचना. मग मांड्यावरच टॅप करून बोट दाबून ठेवलं, म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, आणि बाजूला तो बारका सूर्य येतो ना तो खाली ओढला. स्वयंपाकघर अंधारलं, आजीची नुसती कड उरली, आणि तिच्या हातावरचा मांडा आतून दिवा लावल्यासारखा, पुरणाचे गडद डागसुद्धा दिसायला लागले. सेटिंगमधून ग्रिड चालू करून ठेवलीये मी, उभ्या दोन आडव्या दोन रेघा, त्यातल्या डाव्या रेघेवर आजीला घेतलं म्हणजे उजवीकडं मांडा पसरायला जागा राहिली. पण तो पूर्ण ताणलेला असतो जेमतेम दोन सेकंद, मग खापरावर! सातव्या मांड्याला जमलं. तोवर आजी वैतागली, "मना फोटू काढी राह्यना का चुल्हाना?"

मग नाद लागला. चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे ना स्टेशनजवळ, आपण कॉलेजात असताना समोरून शंभरदा गेलो असू, आत एकदा पण नाही, लाज वाटते आता. गेलो परवा. हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर फारसा पडलाच नाही, टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड खेळवून असे फोटो काढायचा की बघणाऱ्याला वाटावं बाहेरचा देखावाच आहे. टेबलटॉप म्हणतात त्याला. आणि आपल्याला वाटतं चांगल्या फोटोसाठी मनालीला जावं लागतं.

घरी येऊन मी ज्वारीचं पीठ ताटात ओतलं, वर तुरीची एक काडी रोवली, लाइट बंद करून बायकोच्या फोनचा टॉर्च अगदी आडवा, पिठाला लागून धरला. समोरून धरला तर सगळं सपाट दिसतं, आडवा धरला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. झालं वाळवंट! बायको म्हणे भाकरी आता वाळवंटाचीच खा.

दुपारचे फोटो काढू नको एवढं ऐक. आपल्याकडं मे महिन्यात बारा वाजता ऊन डोक्यावर, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि फोन तापून कॅमेराच बंद होतो. सकाळी नाहीतर दिवस बुडताना. केळीच्या बागेत तर फोन उलटा धरायचा, लेन्स खाली, अगदी ठिबकच्या नळीला टेकवून, मग ती नळी डोळ्याला ओढत पार बागेच्या टोकाला नेते. माझे गुडघे चिखलात जातात ते वेगळं.

श्रावणात कानबाईच्या सणाला ये दोन दिवस, दिवे असतील, बघू तुझा नवीन फोन रात्री काय करतो. नाइट मोडला एकामागून एक फ्रेम घेऊन जोडतो तो, म्हणून हात हलवायचा नसतो, खांबाला टेकून उभा राहा (खांबाचा तेवढाच उपयोग). आणि यापुढं फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट करून पाठव, तसाच टाकला की ते दाबून निम्मी जान काढतं. तो खांबवाला मात्र वहिनींनी बघायच्या आत डिलीट मार.

तुझा,
बारक्या