सर, तुम्ही काढून दिलेलं बोलपूरचं तिकीट

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण तुमचे विद्यार्थी गावोगाव पांगलेत. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळावं, म्हणून चारचौघांत लिहितोय.

शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाच्या सबमिशनला दहा दिवस राहिले होते. माझी मातीची उभी आकृती रात्रीतून कोसळली. आतल्या सांगाड्याच्या जाड सळईला पैसे नव्हते म्हणून बारीक वापरली होती. आत बटरफ्लाय टांगायचा, म्हणजे लाकडाच्या दोन पट्ट्यांची फुली तारेनं बांधून माती तोलून धरायची, त्याचाही मी कंटाळा केला होता. सकाळी ओलं फडकं काढलं तर कमरेपासून वरची सगळी शाडू घसरून फळीवर बसलेली. मी ती बादलीत भरायला घेतली ती गावी परत जायचं ठरवूनच. ब्राँझ आणि संगमरवर ज्यांना परवडतो त्यांचं हे काम, चिरेखाणीवरच्या माणसाच्या पोराचं नव्हे, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

तुम्ही आलात, घमेलं उपडं घालून त्यावर बसलात आणि तार मागितलीत. एक फुली बांधून दाखवलीत, सोडवलीत आणि मला बांधायला लावलीत. मातीला मात्र बोट लावलं नाहीत. त्या सकाळी तुम्ही पहिल्यांदा मला शिल्पकार रामकिंकर बैज यांच्याबद्दल सांगितलंत.

तुम्ही बडोद्याला शिल्पकार शंखो चौधुरींच्या हाताखाली शिकलात आणि शंखोदा शांतिनिकेतनात रामकिंकरांच्या. म्हणजे आमचे पणजोबाच ते! १९०६ साली बांकुड्यात, न्हाव्याच्या घरात जन्मलेला हा मुलगा. मूर्ती घडवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली त्यानं माती कालवली, असहकाराच्या चळवळीत पोस्टरं रंगवली. ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकाचे संपादक रामानंद चटर्जी यांनी त्याची चित्रं पाहिली आणि १९२५ मध्ये त्याला शांतिनिकेतनला आणलं. तिथे कलाभवनाचे, म्हणजे कलाशाळेचे, प्रमुख चित्रकार नंदलाल बसूंनी काम पाहून दोन-तीन वर्षं राहा म्हणून सांगितलं. ती दोन-तीन वर्षं अजून संपलेली नाहीत, असं रामकिंकर म्हातारपणी म्हणत. शिकायला आलेला हा मुलगा तिथेच मास्तर झाला, १९७१ मध्ये निवृत्त झाला आणि १९८० मध्ये गेला.

हे सगळं ऐकून मी मान डोलावली, एवढंच. आठवड्यानं तुम्ही माझ्या हातात तिकीट ठेवलंत, गीतांजली एक्स्प्रेसचं, हावड्यापर्यंत. वर तिथून बोलपूरच्या, म्हणजे शांतिनिकेतनच्या स्टेशनच्या, गाडीचे पैसे. “आधी बघून ये, मग गावी जा,” एवढंच म्हणालात. तेव्हाचा तुमचा पगार किती असेल याचा हिशेब मी स्वतः नोकरीला लागल्यावर केला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

कलाभवनाच्या आवारात रामकिंकरांचं ‘सांथाल कुटुंब’ हे शिल्प उभं आहे. चौथरा इतका बुटका की ती माणसं आपल्याच वाटेवरून चालत आल्यासारखी वाटतात. बाप्याच्या खांद्यावर कावड, तिच्या एका टोपलीत पोर. शेजारी डोक्यावर ओझं घेतलेली बाई. पायाशी कुत्रं. गाव सोडून कामाच्या शोधात निघालेलं बिऱ्हाड. असं बिऱ्हाड मी खाणीवर दरवर्षी दिवाळीनंतर येताना पाहिलं होतं, पण कुणी त्याचा पुतळा करील हे डोक्यातही आलं नव्हतं. आपल्याकडे पुतळे घोड्यावरच्यांचे. हे १९३८ सालचं काम.

मी जवळ गेलो आणि बाईच्या पायावर हात ठेवला. गुळगुळीत काहीच नाही, तळहाताला खडे टोचतात. सिमेंटमध्ये लाल-तपकिरी, भोकाभोकांचे खडे. सर, तो जांभा होता! आमच्या घराच्या भिंतीतला, बाबांच्या नखांत अडकलेला. ब्राँझला पैसे नव्हते म्हणून रामकिंकरांनी तिथल्याच जमिनीतले जांभ्याचे खडे सिमेंटमध्ये कालवले, लोखंडी सांगाड्यावर थापले आणि वरून छिन्नी मारली. त्या दिवशी मला वेड्यासारखं रडू आलं. कुणी पाहू नये म्हणून मी निलगिरीच्या झाडांकडे गेलो. तिथे ‘सुजाता’ उभी, झाडांइतकीच सडपातळ, डोक्यावर खिरीचं भांडं. ते भांडं नंदलालबाबूंच्या सूचनेवरून आलं, हे तुम्हीच सांगितलं होतंत. गुरूनं शिष्याच्या कामात एवढीच भर घातली. पण तेवढ्यानं साध्या मुलीची, बुद्धाला खीर देणारी सुजाता झाली.

परत आल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, रामकिंकर एवढे मोठे, मग त्यांच्यासारखं काम त्यांच्या शिष्यांनी का केलं नाही? तुम्ही हसलात. आज मला उत्तर माहीत आहे. गुरूचं काम खडबडीत, तर शंखोदांचं तासून-घासून निगुतीनं साधं केलेलं. तेच शंखोदा बडोद्याला शिल्पविभागाचे प्रमुख झाले आणि तिथून त्यांचे विद्यार्थी नागजी पटेल दगड घेऊन निघाले, राघव कनेरिया भंगार लोखंड जोडत निघाले. कुणाचं काम कुणासारखं नाही. शिक्षक म्हणून रामकिंकर किती मोठे होते याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. मातीला बोट न लावण्याची तुमची सवय कुठून आली, तेही मला त्यातच कळलं.

त्या वर्षी मी गावाहून दोन पोती जांभ्याच्या कपच्या आणल्या. काम ओबडधोबड झालं, मार्क जेमतेम पडले. पण मी गावी परत गेलो नाही. बाबा तेवढे एकदा येऊन गेले. कामाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “हा आपल्या खाणीतला दगड.” दुसरं काहीच बोलले नाहीत.

तिकिटाचे पैसे मी तीनदा द्यायला आलो, तिन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलंत. आता तो नाद सोडलाय.

सर, मी हल्ली ज्या शाळेत शिकवतो तिच्या मैदानाच्या कडेला मुलांनी आणि मी मिळून एक काम उभं केलंय. कावड नाही, कुत्रं नाही. डोक्यावर चिरा घेतलेली एक बाई आहे. पावसाळ्यात तिच्यावर हिरवं शेवाळ धरतं, मुलं दसऱ्याला ते काथ्यानं घासतात. तुमची नजर अधू झालीय हे मला माहीत आहे. तरी या. माघात या, तेव्हा हवा चांगली असते. स्टेशनवर मी गाडी घेऊन थांबतो. तुम्ही नुसता तिच्यावरून हात फिरवा.

तुमचा विद्यार्थी