इथला गावचा टीव्ही

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, त्या टीव्हीवाल्यांकडे वर्षभर जातेस, देतात किती? काही देत नाहीत. ते गावचं सामुदायिक टीव्ही केंद्र आहे, गावातलेच लोक तिथे केबलसाठी कार्यक्रम करतात. उलट वर्गणी मीच भरते. बदल्यात कॅमेरा धरायला, एडिटिंग करायला शिकवतात आणि सामान घरी न्यायला देतात.

तुम्ही ग्रामसेवक होतात, म्हणून हिशेब तुम्हालाच सांगते. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या या गावातून केबल टाकायची तर कंपनीला परवाना लागतो. अमेरिकेच्या 1984 च्या केबल कायद्यानुसार गावाला तिच्या केबलच्या उत्पन्नातून पाच टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येतं, शिवाय लोकांसाठी चॅनेलही मागता येतात. त्यावर हे केंद्र चालतं. आता लोक केबल तोडून इंटरनेटवर बघतात. त्यावर हे शुल्क नाही, म्हणून पैसा आटतोय. यंदा एक पगारी माणूस कमी केला, तेव्हापासून आम्हा हौशी मंडळींवरच भार आहे.

हिवाळाभर बजेटच्या बैठका चित्रित केल्या. वसंतात शाळेच्या हॉलमध्ये गावची सभा झाली. अगदी ग्रामसभाच! मतदार हात वर करून बजेट मंजूर करतात. कोरमची बोंब इथेही आहेच. शाळेच्या छपराच्या मुद्द्यावरून लोक रात्री उशिरापर्यंत भांडले, पण कॅमेरा शेवटपर्यंत चालू. दुसऱ्या दिवशी कोणी 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणायची सोय नाही. तुमच्या काळात हे असतं तर काही सरपंचांची पंचाईत झाली असती.

म्हसवडच्या माणदेशी तरंगवर तुम्ही पाणलोटावर बोलून आलात, ते रेडिओ केंद्र मला याच जातीचं वाटतं. पण आपल्याकडे सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावायच्या. इथे गावची बातमी हेच मुख्य काम.

बाकी दिवस कोणीही यावं. ब्राझीलच्या बायका पोर्तुगीजमध्ये कार्यक्रम करतात. एक गृहस्थ दर आठवड्याला असं काही बोलतात की माझं डोकं फिरतं. पण केंद्राचा नियमच आहे, त्यांचं एक वाक्यही कापायचं नाही. अश्लील नको, जाहिरात नको, अशा मोजक्या अटी. चिडचिड होते, तरी मला हा नियम पटतो. उद्या माझंही कोणी कापणार नाही.

आई, आता तुझं काम. जात्यावरच्या ओव्यांवर मी अर्ध्या तासाचा कार्यक्रम करतेय, खाली इंग्रजीत अर्थ येईल. तुझ्या आवाजात चारपाच ओव्या मोबाइलवर म्हणून पाठव. पंखा बंद कर आणि कुकर लावलेला नसताना म्हण. सोबत परवानगीचा फॉर्म पाठवलाय, त्यावर तुझी सही हवी. बाबांची चालणार नाही.

तुमची,
सुमी