शुभे, आधी शिव्या घाल मग वाच

प्रिय शुभे,

मार्चपासून तुझे तीन मिस्ड कॉल आणि माझ्याकडून नुसते अंगठे. चूक माझी. बीपीची गोळी चालू आहे, आईचा गुडघा दुखतोच, बाकी ठीक.

अगं, गेल्या पंधरवड्यात नाईटला एक पेशंट गेला. अडतीस वर्षांचा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तास घालवून आलेला, आला तेव्हा चक्क बोलत होता, ईसीजी काढेपर्यंत मी दहा मिनिटं गप्पा मारल्या त्याच्याशी, मग हृदयच थांबलं, कार्डिॲक अरेस्ट. चाळीस मिनिटं सीपीआर केला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ह्यांचा डबा गाडीतच राहिलाय. मी खाली आले, चहा मागवला आणि वॉर्डबॉयला विचारलं, आलं घातलंयस ना? मग मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ भरायला बसले आणि नाव आठवेना. फाइल उघडून बघावं लागलं! डोक्यात फक्त 'बेड सात'. रडू नाही, धडधड नाही, काही नाही. रेसिडेन्सीत ते चौदा नंबर बेडचं पोर गेलं तेव्हा आपण दोघी जिन्यात बसलो होतो, तू दोन दिवस मेसला आली नाहीस. तेव्हाही नंबरच होता गं, पण गणेश हे नाव मला अजून आठवतं.

बर्नआउटच्या त्या मास्लाख बाईंनी तीन गोष्टी सांगितल्यात ना: थकवा, समोरचा माणूस वस्तू वाटू लागणं, आणि आपला काही उपयोग नाही असं वाटणं. थकवा कळतो. दुसरं कळतच नाही, कारण ते दुखत नाही. डायबेटिक पायासारखं. ठणका नाही म्हणून पेशंट खूष आणि तळव्याला जखम.

त्यात हॉस्पिटलने रविवारी सकाळी माइंडफुलनेसचं सेशन ठेवलं, बायोमेट्रिक हजेरीसकट. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सला काबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी सुरू केलेला आठ आठवड्यांचा कोर्स, आम्हाला दोन तासांत. एक बेदाणा दिला, न्याहाळा म्हणे, वास घ्या. मी सूचना संपायच्या आधीच खाल्ला. तू तासगावची, तू असतीस तर म्हणाली असतीस, माल दोन नंबरचा आहे. आणि लवचिक व्हा, लवचिक व्हा! रेसिडेंट पोरं छत्तीस तास उभी आहेत, रोस्टरला एक माणूस वाढवा की. ते नाही, बेदाणा देतात.

पण खरं सांगू, एक गोष्ट चोरून करतेय. पेशंटांच्या मध्ये सॅनिटायझरने हात चोळायला वीस-तीस सेकंद लागतातच, तेवढ्यात श्वासाकडे बघते आणि पुढच्या पेशंटचं नाव मनात एकदा म्हणते. बस. गुरुवारी पंचेचाळीस पेशंट होते, तिसाव्यानंतर नुसते हात चोळत होते. शुक्रवारी परत जमलं.

इंटर्नशिपला तू इगतपुरीला विपश्यनेला गेलीस तेव्हा मी तुला 'पळपुटी' म्हटलं होतं, रजेच्या अर्जावरून ते एवढं भांडण. दहा दिवस तिथे मौन पाळलंस आणि पुढचे अडीच महिने माझ्याशी. आता विचारते, तिथून आल्यावर वॉर्डात पहिल्या दिवशी तुला काय झालं होतं? तेव्हा सांगायला आली होतीस, मी ऐकलंच नाही.

ओवीची दहावी कशी गेली? नवीन क्लिनिकचे फोटो बघितले, पडदे भयंकर आहेत.

मंगळवारी परत नाईट आहे, त्याआधी फोन कर. मी उचलेन.

तुझी,
मृणाल