बाबा, आधी कान

ती. बाबा आणि आईस,

साष्टांग नमस्कार.

पत्र आणि चेक मिळाला. धाकट्याच्या नोकरीचा नवस फेडला. मंगळवारची गर्दी नको म्हणून बुधवारी ऑफिसला जाता जाता प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या देवळाशी उतरले. पैसे पेटीत न टाकता काउंटरवर भरले, पावती सोबत आहे. ती करसवलतीसाठी मात्र जपून ठेवू नका बाबा, तुम्ही नवी कररचना घेतलीत, तिच्यात देणगीवरची ८०-जीची सूट मिळत नाही.

आता मुद्द्याचं. आई फोनवर म्हणाली, कानाचं मशीन पुढच्या वर्षी बघू, ते पैसे आपल्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला द्यायचं ह्यांनी ठरवलंय. आणि मी नको म्हटल्यावर, "तुझा देवावर विश्वास उरला नाही, तुला काय कळणार!" आई, तुझ्याइतका नाही हे खरं. संकष्टी मी धरत नाही. पण द्यायची खोड तुमच्याच घरातून घेऊन आलेय. रोज भात टाकताना तू मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचीस, आणि तो डबा कुणाकडे रिकामा व्हायचा हे आम्हा पोरांना कधी कळू दिलं नाहीस.

बाबा आता देऊबाई पाटलांचा दाखला देतील. सिद्धिविनायकाचं देऊळ १८०१ साली त्यांच्या पैशातून झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं, निदान इथे येणाऱ्या इतर बायकांची तरी कूस उजवावी म्हणून त्यांनी ते बांधवलं असं सांगतात. केवढं मोठं मन! पण बाबा, त्या सधन होत्या. औषधाचे पैसे काढून त्यांनी देऊळ बांधलं नाही.

आणि तुम्ही तर गाडगेबाबांना मानणारे. पंढरपुरात, आळंदीला, नाशकात त्यांनी बांधल्या त्या धर्मशाळा. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी असं सांगता सांगता रोग्यांना औषधोपचारही त्यांनी सांगितले. तुमचा कान त्यात बसतो.

दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटा हॉस्पिटलचे पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात. ज्यांना कुठेच जागा मिळत नाही ते परळला फूटपाथवर पथारी टाकतात. ऑफिसातल्या आम्ही काही जणी शनिवारी तिकडे जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा एक गाडी थांबली, दोघं उतरले, भराभर फरसाणाची पाकिटं वाटली, फोटो काढले, गेले. एक पाकीट ज्याच्या मांडीवर पडलं त्याच्या नाकात नळी होती. गालावर शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या खुणा, जांभळ्या शाईच्या. तोंडाचा कॅन्सर. त्याची बायको काही बोलली नाही, पाकीट उचलून पिशवीत टाकलं. मी विचारलं, यांना चालतं काय? म्हणाली, डाळीचं पाणी, पण गाळलेलं पाहिजे, कण राहिला की नळी अडते. आणि गाळणं गावीच राहिलंय.

तेव्हापासून डाळीचं पाणी दोनदा गाळून थर्मासमधून नेतो. गाळणी पण नेतो, लागेल त्याला देऊन टाकतो. हे मी पुण्य म्हणून करते का, मला सांगता येणार नाही. आईने विचारलंन म्हणून लिहिलं. पण त्या फरसाणवाल्यांचा राग मला अजून येतो, हे काही देवमाणसाचं लक्षण नव्हे!

तर देऊ नका असं मी म्हणत नाही. कीर्तनात सगळे हसले की बाबा, तुम्ही आईकडे बघता, आणि बुवा काय म्हणाले ते ती तुम्हाला घरी आल्यावर सांगते. देऊळ नवं होईल, तिथलं कीर्तन तुम्हाला ऐकू नको यायला? मशीन घेऊन जे उरेल ते द्या. त्यात माझी भर घालते, पावती तुमच्याच नावाने होऊ दे. शिवाय जीर्णोद्धाराचा हिशेब तुम्ही मागून घ्या. मागच्या वेळी सिमेंटच्या गोण्यांवरून जे भांडण झालं, ते तुमच्यासारखा माणूस वहीला असता तर झालं नसतं.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. सोमवारी सकाळी चिपळूणला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मागच्या तपासणीचा कागद आईने कपाटात ठेवलाय ना, तो काढून ठेवा. आणि आई, त्या दिवशी उपास असला तरी डबा घे, तिथे तास दोन तास मोडतात.

तुमची,
माई