आमचे पेजर खिशात ठेवणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुम्ही विभागप्रमुखपद सोडताय असा निरोप मिळाला तेव्हापासून हे पत्र मनात आहे. ते तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात तुम्ही इतकी वर्षं काय उभं केलंत, हे आपल्याकडच्या लोकांना, त्यातही वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टर-नर्सना कळावं असं फार वाटतं. म्हणून उघड लिहितेय. कुणा रुग्णाची ओळख पटेल असं यात काही नाही. ही खबरदारीही तुमच्याकडूनच शिकले.

वाचकांसाठी आधी थोडं सांगते. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारचं स्वतंत्र खातं आहे आणि त्या खात्याची स्वतःची सुमारे १७० मोठी रुग्णालयं देशभर आहेत. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या १ कोटी ६० लाख लोकांनी गणवेश घातला होता. ही सगळी पिढी एकदम म्हातारी होणार, हे त्या खात्याने १९७० च्या दशकातच ओळखलं आणि वार्धक्यातल्या आजारांवर संशोधन आणि प्रशिक्षण करणारी केंद्रं काढली. अमेरिकेत जेरियाट्रिक्सची, म्हणजे वृद्धांच्या वैद्यकाची, शाखा रुजली त्यात या रुग्णालयांचा वाटा फार मोठा आहे. पुढे २००३ मध्ये प्रत्येक रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करून रुग्णाला व घरच्यांना आधार देणारी, टीम हवीच असा आदेश निघाला. नुसता डॉक्टर चालणार नव्हता. नर्स, सोशल वर्कर आणि चॅप्लिन, म्हणजे रुग्णाच्या श्रद्धेचं आणि मनातल्या ओझ्याचं ऐकून घेणारा धर्मोपदेशक, हेही हवे होते.

आदेश निघाला म्हणजे काम उभं राहतं असं नाही, हे सरकारी नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुमच्याकडे फेलोशिपसाठी आले तेव्हा मला वाटायचं, या शाखेत कौशल्य म्हणजे औषधांचं. मॉर्फिनची मात्रा, धाप लागली तर काय, उलट्या थांबत नसतील तर काय. ते सगळं तुम्ही शिकवलंतच. पण तिथे वर्ष काढल्यावर माझ्या लक्षात आलं की मॉर्फिन स्वस्त आहे. महाग असतो तो माणसांचा वेळ, आणि तुमची सगळी कारकीर्द तो वेळ मिळवण्यात आणि राखण्यात गेली आहे. मला ज्या गोष्टीबद्दल तुमचे आभार मानायचेत ती हीच.

कुटुंबासोबतची बैठक असली की तुम्ही दारात उभ्या राहून आमचे पेजर, म्हणजे निरोप आला की वाजणारी खिशातली यंत्रं, मागून घ्यायच्या. कोटाच्या दोन्ही खिशांत मिळून चार-पाच पेजर. आत आम्ही रुग्णाच्या पत्नीशी, मुलांशी बोलत बसायचो, आणि बाहेर तुम्ही आयसीयूचे, फार्मसीचे, वॉर्डाचे निरोप स्वतः निस्तरायच्या. विभागप्रमुख असून. एखादा मुलगा बापाशी वीस वर्षं बोललेला नसतो. त्याला पहिलं वाक्य सापडायलाच अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात कुणाचा पेजर वाजला तर तो उठून जातो. हे तुम्ही आम्हाला कधी भाषण करून सांगितलं नाहीत. पेजर मागितलेत, एवढंच.

सोशल वर्करची जागा रिकामी झाली आणि ती भरायची नाही असं वर ठरू लागलं, तेव्हा तुम्ही किती बैठकांना गेलात ते आम्ही पाहत होतो. प्रत्येक बैठकीत तुम्ही एकच यादी घेऊन जायच्या. घरी जायला तयार असूनही केवळ घरची व्यवस्था लावून द्यायला कुणी नाही म्हणून अडकून पडलेल्या रुग्णांची. शेवटी जागा भरली गेली. त्या जागेवर आलेल्या बाईंनी पुढे किती माणसांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या कुत्र्याजवळ मरण येऊ दिलं, याचा हिशेब कुठल्याच फाइलीत नसेल. मला मात्र त्यातले चेहरे आठवतात.

व्हिएतनाममध्ये पायदळात लढलेले एक गृहस्थ आपल्याकडे होते. फुप्फुसाचा कॅन्सर, शेवटचे आठवडे. रात्री ओरडत उठायचे, नर्सच्या अंगावर धावून जायचे. झोपेचं औषध वाढवा, असा निरोप रोज सकाळी यायचा. तुम्ही खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलात आणि विचारलंत: कुठल्या दलात होता, कुठे होता, तुमची काळजी घेताना त्या दिवसांतलं काही आम्हाला ठाऊक असायला हवं का? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, १९६८ पासून मी दाराकडे पाठ करून झोपलेलो नाही.

त्यांचा पलंग दाराकडे पाठ होईल असाच लावलेला होता. तो फिरवला. बाहेरचा दिवा मंद चालू ठेवला. दारावर चिठ्ठी लावली की झोपेत असताना हात लावू नका, पायथ्याशी उभं राहून नावाने हाक मारा. औषधंही बदललीत. त्यातलं एक भ्रम वाढवणारं होतं, ते काढून टाकलंत. ओरडणं पूर्ण थांबलं नाही. पण कमी झालं, आणि नर्सेसची भीती गेली. हा माणूस आपल्याला मारायला उठत नाहीये, तो अजून पहाऱ्यावर आहे, हे कळल्यावर त्याच नर्स त्यांच्या खोलीत जास्त वेळ थांबू लागल्या.

मॅडम, मी साताऱ्याकडची. आमच्या भागात घरटी कुणी ना कुणी पलटणीत असतो. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. ते कधीही दाराकडे पाठ करून जेवायला बसले नाहीत. घरात सगळे म्हणायचे, त्यांची पद्धतच आहे ती. कुणी कारण विचारलं नाही, आणि ते जाईपर्यंत कुणाला सुचलंही नाही. त्या दिवशी तुम्ही खोलीबाहेर आल्यावर मी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही वऱ्हाडीत एवढंच म्हणालात, ‘चाल, चहा घेऊ’, आणि कॅन्टीनमध्ये आजोबांबद्दल एकेक विचारत बसलात. तेवढा वेळ तुमच्याकडे नव्हता, हे मला ठाऊक होतं.

कोरियन युद्धातले एक आजोबाही मला विसरता येत नाहीत. १९५० च्या हिवाळ्यात चोसिन जलाशयापाशी उणे ३० अंशांच्या आसपासच्या थंडीत त्यांचे पाय गोठले होते. साठ-पासष्ट वर्षांनंतरही भर उन्हाळ्यात दोन-दोन मोजे घालायचे. घसरून पडतील म्हणून मोजे काढायला लावावेत असं चाललं होतं. तुम्ही त्यांच्या मोज्यांवर घालता येतील असे रबरी तळाचे मोठे मोजे मागवलेत. थंडीने मेलेल्या नसांचं दुखणं म्हातारपणी उलटतं, हेही त्यानिमित्ताने समजावलंत. मोज्यांचा निर्णय तुम्ही औषधाच्या निर्णयाइतक्याच गांभीर्याने घेतलात.

आता एका अशा गोष्टीबद्दल, जी बाहेर कुणाला दिसत नाही. मृत्यूचा दाखला.

व्हिएतनाममध्ये जंगलांची पानं झडवून टाकायला एजंट ऑरेंज नावाचं रसायन फवारलं गेलं. १९९१ च्या कायद्यानंतर त्याच्याशी जोडलेल्या आजारांची यादी हळूहळू वाढत गेली. पार्किन्सन्स (कंपवात) आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार तीत २०१० मध्ये आले. यादीतला आजार असेल, तर तो सैनिकी सेवेमुळेच झाला हे त्या माणसाला वेगळं सिद्ध करावं लागत नाही. आणि अशा आजारामुळे मृत्यू आला, किंवा मृत्यूला त्या आजाराचा हातभार लागला, तर मागे राहिलेल्या पत्नीला दरमहा भरपाई मिळू शकते. पण पहाटे तीन वाजता दमलेला ज्युनिअर डॉक्टर दाखल्यावर लिहितो, ‘हृदय व श्वसन बंद पडल्याने’. प्रत्येकच माणूस तसा मरतो. पार्किन्सन्समुळे गिळता येईना, घास श्वासनलिकेत गेला, न्यूमोनिया झाला, अशी खरी साखळी असेल तर ती शेवटच्या कडीपर्यंत लिहा, असा तुमचा आग्रह असायचा. एक अक्षर वाढवून नाही आणि एक गाळूनही नाही. दाखल्यावरच्या एका ओळीवर एखाद्या बाईचं घरभाडं अवलंबून असतं, हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. २०२२ मध्ये विषारी द्रव्यांशी संपर्क आलेल्या सैनिकांसाठीचा पॅक्ट कायदा आला आणि व्हिएतनामच्या सैनिकांसाठी उच्च रक्तदाबही यादीत गेला, तेव्हा तुम्ही मला पुण्याला फोन केला होतात. इतका आनंद तुमच्या आवाजात मी क्वचित ऐकला आहे.

रुग्णाला काय हवं ते विचारून लिहून ठेवायचं, हेही तुमच्याकडे नुसतं फॉर्म भरणं नव्हतं. व्हेंटिलेटर हवा का, पुन्हा आयसीयू नको का, या निर्णयांची नोंद रुग्णालय बदललं, घरी जाऊन पुन्हा भरती झालं तरी कायम राहावी, अशी पद्धत त्या खात्याने २०१७ च्या धोरणाने सगळीकडे आणली. मी होते तेव्हा तुमची तयारी चालू होती. सकाळी सातला तुम्ही इंटर्नना जोडीजोडीने बसवून सराव घ्यायच्या, एक रुग्ण, एक डॉक्टर. ‘तुम्हाला सगळं करायचंय का?’ हा प्रश्न कुणी विचारला की थांबवायच्या. ‘नाही’ म्हणणारा माणूस त्या प्रश्नात बापाला सोडून देणारा ठरतो, म्हणायच्या. आधी त्यांना विचारा की त्यांचे वडील कसे आहेत, त्यांना कशाकशात आनंद वाटतो.

आणि एक मान्य करायलाच हवं की ती व्यवस्थाही तुमच्या बाजूची होती. अमेरिकेत इतरत्र मेडिकेअरचं, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचं, हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरची शुश्रूषा) घ्यायचं तर त्या आजारावरचे बरे करणारे उपचार सोडावे लागतात. माजी सैनिकांच्या खात्यात हॉस्पिस आणि केमो किंवा रेडिएशन बरोबरीने घेता येतं. त्यामुळे ‘हे की ते’ असा पेच आपण कुणापुढे टाकला नाही. अशी सोय सगळ्याच आजाऱ्यांना मिळायला हवी, सैनिक असोत वा नसोत.

रुग्ण गेल्यानंतर काही आठवड्यांनी खात्याकडून घरच्यांना प्रश्नावली जायची. त्यातली उत्तरं तुम्ही टीमच्या बैठकीत वाचायच्या, आणि तक्रारी आधी. ‘रात्री वेदना वाढल्यावर कुणी लवकर आलं नाही’ असं कुणी लिहिलं असेल, तर त्या रात्रीचं वेळापत्रक काढून पाहायच्या. त्या वेळी नर्स किती होत्या हे आधी मोजायच्या, आणि दोष माणसाचा की माणसं कमी असण्याचा हे त्यानंतर ठरवायच्या. तुमच्या हाताखालच्या नर्सेस वर्षानुवर्षं का टिकल्या, याचं उत्तर मला त्या बैठकांत मिळालं. तिरंग्याइतक्याच मानाने त्यांचा झेंडा अंथरून मृतदेह बाहेर नेताना सगळा मजला रांगेत उभा राहायचा. त्या रांगेत सफाई करणाऱ्या मावशीही असाव्यात म्हणून तुम्ही त्यांना स्वतः बोलवायला जायच्या.

आता इकडचं थोडं. महाराष्ट्रात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. २०१४ च्या कायदादुरुस्तीने मॉर्फिन मिळवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही सरकारी आरोग्य योजना आहे. पण तीन तज्ज्ञांच्या तीन चिठ्ठ्या आणि डझनभर गोळ्यांची पिशवी घेऊन एखादे निवृत्त सुभेदार माझ्याकडे येतात, तेव्हा ती पिशवी टेबलावर ओतून एकेक गोळी का चालू आहे हे विचारायला त्यांच्यासमोर कुणी बसलेलं नसतं. मी बसते. आणि गोळ्यांच्या आधी विचारते, पलटण कुठली? सोबत आलेली सून चकित होऊन पाहत राहते, कारण घरात दोन शब्दांपुढे न जाणारे सासरे सियाचिनपर्यंत पोचलेले असतात. त्यातच मला कळतं की त्यांना झोप का लागत नाही, आणि हॉस्पिटलात पुन्हा जायचं नाही असं ते का म्हणतात.

हे सगळं तुमचं आहे, मॅडम. घरापासून इतक्या दूर, दुसऱ्या देशाच्या सैनिकांच्या उशाशी तुम्ही आयुष्य घातलंत. त्यांच्यातल्या अनेकांनी तुमचा उच्चार ऐकून पहिल्या दिवशी तोंड फिरवलं होतं, आणि पुढे त्यांच्याच बायका नाताळला तुम्हाला कार्ड पाठवत राहिल्या. मला तुम्ही विद्या दिलीत, आणि ‘काऊन वं, जेवली नाही?’ असं रोज विचारणारं माणूसही त्या परक्या गावात दिलंत. मनापासून, हात जोडून आभार.

विभागातल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा, रात्रपाळीच्या नर्सेसना आणि चॅप्लिनना आवर्जून. डिसेंबरात नागपूरला येताय ना, तर दोन दिवस इकडे काढा. आमच्या रुग्णालयात सोशल वर्करची पहिली जागा नुकतीच मंजूर झाली. मीही बैठकांना एकच यादी घेऊन जात होते. जी मुलगी रुजू झाली आहे तिला तुमच्याकडून सगळं ऐकायचंय. प्रश्नांची वही तिने आत्ताच भरायला घेतली आहे.

तुमची विद्यार्थिनी